नियम कशासाठी असतो?

कायदा म्हटला की आपल्याला कलमं आठवतात. ते कलम कशासाठी केलं, हे आपण सहसा विचारत नाही. इस्लामी धर्मशास्त्रात मात्र या प्रश्नाची स्वतंत्र शाखाच आहे. तिला ‘मकासिद’, म्हणजे शरियतचे हेतू म्हणतात.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी हे हेतू पाच सांगितले : धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचं रक्षण. पुढे स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या शातिबी यांनी (मृत्यू १३८८) त्याची सविस्तर मांडणी केली. परंपरा सांगते की, दुष्काळात खलिफा उमर यांनी चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा थांबवली होती. भुकेल्याचा प्राण आधी, शिक्षा नंतर.

हे सारं दूरचं वाटेल; पण अमरावतीच्या कोर्टात वकिली करताना मला ते जवळून दिसलं. अचलपूरकडची एक बाई पोटगीसाठी आली होती. नवऱ्याचा लेखी जबाब असा, की तलाक कधीच दिला आहे. ‘‘वकीलसाब, मले तं कोनी काही सांगतलंच नाही,’’ एवढंच ती म्हणे. पूर्वी असा जबाब अनेकदा चालून जाई. पण २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने सांगितलं, की नुसतं म्हणून भागणार नाही. तलाकला कारण हवं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि हे सिद्धही व्हायला हवं. मध्यस्थांची सूचना कुराणातच आहे. तिचा हेतू घर वाचवणं हाच. त्या निकालाच्या आधारावर बाईंची पोटगी सुरू झाली.

हे आजचंच नाही. हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याची बायको जवळजवळ जन्मभर अडकून पडे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी अशा वेळी मालिकी पंथाचा सोपा नियम घ्यायला मान्यता दिली आणि १९३९ च्या कायद्यात चार वर्षांची मुदत आली.

हमीद दलवाईंची वाट वेगळी होती. १८ एप्रिल १९६६ रोजी सात महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला तो नागरिकांच्या समान हक्कांसाठी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, तेव्हा या दोन्ही वाटा एकत्र आल्या. बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींनी राज्यघटनेचा आधार घेतला, तर तिसऱ्यांनी कुराणाचा.

मग हेतूचा आवाका किती? जो तो आपल्या सोयीचा हेतू काढील, ही भीती खोटी नाही. त्यावर शातिबींचं सांगणं असं, की हेतू एखाद्याच वचनातून काढायचा नसतो. सगळे नियम एकत्र वाचून तो शोधायचा असतो. माझी कसोटी मात्र साधी आहे. हेतूचं नाव घेऊन जो अर्थ लावला जातो, त्याने दारात उभ्या असलेल्या बाईला आधार मिळतो, की तिच्या तोंडावर दार लागतं?