खाडीचे वळण सरकते, तेव्हा खारबांध कोठे घालावा?

खाडीकाठी खारजमिनीत भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना एक अनुभव नेहमी येतो. बांध एकाच जागी पुनःपुन्हा फुटतो. गाव वर्गणी काढते, चिखल-दगड टाकून खांड बुजविली जाते, दोन-तीन पावसाळे निघतात आणि पुन्हा त्याच ठिकाणी खांड पडते. दोष बहुधा बांधकामाला दिला जातो. बांधकाम कच्चे असू शकते. पण पुष्कळदा कारण बांधात नसून त्याच्यासमोरच्या पाण्यात असते. खाडीचे वळण तेथे जमिनीच्या दिशेने सरकत असते आणि आपण दर वेळी बांध जुन्याच रेषेवर घालीत असतो.

वळण का सरकते?

वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळते, हे सर्वांना दिसते. तळाशी काय घडते ते दिसत नाही, पण घरी पाहता येते. न गाळलेला चहा पेल्यात चमच्याने गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. भुकटी कडेला जाईल असे वाटते; प्रत्यक्षात ती तळाच्या मध्यभागी गोळा होते. वरचे पाणी वेगाने फिरते म्हणून बाहेर रेटले जाते, तर तळाचे पाणी घासल्यामुळे मंद होते व आत वळते. शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली चहाच्या पेल्याच्या याच उदाहरणावरून नद्यांच्या वळणांची उकल केली होती.

नदीच्या वळणावरही असेच होते. वरचे पाणी बाहेरच्या काठावर जाऊन खाली बुडी मारते व काठाचा पाया खणते. तळाचे पाणी वाळू-गाळ घेऊन आतल्या काठाकडे जाते आणि तेथे तो टाकते. म्हणून बाहेरच्या काठाला डोह, तर आतल्या काठाला मळई. एक काठ खचतो, समोरचा भरतो आणि पात्राची रुंदी जवळपास तेवढीच राहून सारे पात्र सरकते. सर्वांत जास्त धूप वळणाच्या ऐन मध्यावर नसून प्रवाहाच्या दिशेने थोडी खालच्या अंगाला असते.

खाडीत मात्र प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो. भरतीचे पाणी वळणाची वरची बाजू झोडपते, ओहोटीचे खालची. दोन्हींची वाटही एकच नसते. पावसाळ्यात ओहोटीला डोंगरातून आलेल्या पुराची जोड मिळते. त्यातच उधाण आले म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस बांधाला सर्वांत अवघड जातात. उत्तर कोकणात हा ताण अधिक, कारण मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास येतो.

बांध भरतीला तग धरतो आणि ओहोटीला ढासळतो, हेही आपण पाहिले असेल. भरतीत माती भिजून जड होते, पण बाहेरच्या पाण्याचा तिला टेका असतो. ओहोटीला पाणी झपाट्याने उतरले की टेका जातो आणि आतले पाणी मातीतच राहते. मग काठाला समांतर भेग पडते व तुकडाच्या तुकडा खाली बसतो. अशी भेग दिसताच ती बुजवून गप्प बसू नये. पाया सुटत असल्याची ती खूण आहे.

सगळीच वळणे सरकत नाहीत. महाडखाली सावित्री किंवा चिपळूणखाली वाशिष्ठी जेथे कातळाच्या डोंगराला घासून जाते, तेथे तो काठ पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलत नाही. धोका आहे तो गाळाने बनलेल्या सपाटीत, आणि आपली खारजमीन नेमकी तेथेच आहे.

आपला काठ कोणता?

झाडे पाहा. चिपी, तिवराची रोपे आपोआप उगवून पुढे सरकत असतील, तर तो भरणारा काठ. मुळे उघडी पडून झाडे पाण्याकडे कलली असतील, तर तो खचणारा काठ. खचणाऱ्या काठावर नवी कांदळवने लावून बांध वाचत नाही. रोपांना रुजायला समोर गाळाची उथळ पट्टी लागते. असलेले कांदळवन तोडू नये, कायद्यानेही त्यास बंदी आहे.

डोळ्यांनी केलेला अंदाज मात्र फसवा असतो. काठापासून आत पक्क्या खुंट्या मारा आणि दरवर्षी मृगाआधी व दिवाळीनंतर काठापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहा. भूमी अभिलेख कार्यालयातील जुना गावनकाशा आजच्या काठाशी ताडून पाहावा. संगणकावर गूगल अर्थमधील मागील वर्षांची उपग्रहचित्रे पाहिल्यास वळणाची चाल लगेच लक्षात येते.

समजा, काठ वर्षाला दीड मीटर खचतो आणि बांध पंधरा वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. साडेबावीस मीटर तर धुपेतच जातील. ढासळण्यासाठी आणखी जागा धरून बांध तीसेक मीटर मागे घ्यावा लागेल. दोनशे मीटर लांबीवर सुमारे साठ गुंठे जमीन बाहेर पडते. ती ज्याची असेल त्याला हे रुचणार नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण जुन्या रेषेवर पुन्हा खांड पडली तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. आमच्या मते, बांध मागे घेताना त्या शेतकऱ्याची भरपाई बांधामागच्या सर्व खातेदारांनी मिळून केली पाहिजे. हे आधी ठरले नाही, तर बांध मागे सरकत नाही. योजना शासकीय असल्यास खारभूमी विकास विभागाकडे मोजणीची वही घेऊन जावे, आणि नवी रेषा आखण्यापूर्वी किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीची चौकशी करावी.

बांधासाठी चिखल काढताना खाडीच्या बाजूचा पायथा खणू नये. त्याने आपणच डोह जवळ आणतो. वळणावरची वाळू उपसणेही तसेच घातक. खेकड्यांची बिळे वेळीच बुजवावीत. खांड पडलीच, तर तिच्यासमोर खोल खड्डा झालेला असतो. त्यावरून सरळ बांध न नेता आतून वेढा देऊन न्यावा.

खारे पाणी शिरलेल्या शेतातील क्षार एका पावसाळ्यात पूर्ण धुऊन निघत नाहीत. पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडून ओहोटीला उघाडीवाटे सोडावे, असे पुनःपुन्हा करावे आणि खारास सहनशील असे पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ हे भाताचे वाण लावावेत. जमीन खाडीत कायमची गेली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे आकार कमी करून मिळण्यासाठी तलाठ्यामार्फत अर्ज करता येतो. त्यासाठीही वरील वही उपयोगी पडेल.