बर्फावर गाडी घसरली, दोष कुणाचा?

जानेवारीतली सकाळ. शिमल्यात दोन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ रस्त्यावरून हटवला गेला होता आणि लख्ख ऊन पडले होते. पतीच्या बदलीमुळे नागपूरहून तिथे राहायला आलेली एक गृहिणी जुन्या मोटारीत चालकाच्या जागेवर बसली. हाती शिकाऊ परवाना, गाडीच्या पुढे-मागे लाल रंगातले ‘एल’ अक्षर आणि शेजारी पती. संजौलीजवळच्या उतारावर वेग जेमतेम वीस किलोमीटर. देवदारांच्या सावलीतले वळण आले, गाडी जराशी सरकली आणि पती ओरडले, ‘‘अगं, ब्रेक! ब्रेक दाब!’’

तिने सारा जोर लावून ब्रेक दाबला. चाके थांबली, गाडी मात्र थांबली नाही. स्टिअरिंग वळवूनही ती सरळ घसरत गेली आणि दरीच्या बाजूच्या कठड्यावर आदळली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. एक दिवा फुटला, बंपर चेपला. घरी पोहोचताच निकालही लागला, ‘‘गाडी चालवणं तुझं काम नाही.’’ तिने मुकाट्याने किल्ली खुंटीला अडकवली.

पण चूक खरोखर तिची होती का?

न दिसणारा बर्फ

दिवसा वितळलेल्या बर्फाचे पाणी रात्री रस्त्यावर गोठते. त्याचा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो, की खालचे डांबर दिसत राहते. रस्ता नुसता ओला आहे, असेच वाटते. यालाच ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. जिथे ऊन पोहोचत नाही अशी वळणे आणि खालूनही थंड वारा लागणारे पूल ही त्याची आवडती ठिकाणे. अशा बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा दहापट अंतरही लागू शकते.

ब्रेकचा मोह टाळा

जोरात ब्रेक दाबला की चाके जाम होतात आणि फिरत नसलेली चाके स्टिअरिंगचे ऐकत नाहीत. जुन्या गाडीत अशा वेळी ब्रेक सोडावा, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, चाके पुन्हा फिरू द्यावीत आणि मग हलके-हलके ब्रेक लावावा. मागची बाजू घसरू लागली, तर ती ज्या दिशेला जाते त्याच दिशेला स्टिअरिंग अलगद वळवावे. एबीएस असलेल्या गाडीत मात्र ब्रेक दाबून धरावा. पायाखाली थरथर जाणवली तरी घाबरू नये. २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. पण एबीएस स्टिअरिंगवरचा ताबा राखते, बर्फाचा निसरडेपणा घालवत नाही.

उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, बर्फासाठी त्याहून जास्त असलेली बरी. ताज्या बर्फात इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या चाकांना साखळ्या बांधाव्यात.

शिकवणाराही शिकलेला हवा

शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक असलाच पाहिजे, असा नियम आहे. इथे तो होता. पण त्याची सारी ड्रायव्हिंग नागपूरच्या सपाट रस्त्यांवरची! बर्फावर काय करायचे हे त्यालाच ठाऊक नव्हते, मग दोष एकट्या पत्नीच्या माथी का?

आठवड्याभराने पतीलाही ते पटले. दोघांनी मिळून स्थानिक प्रशिक्षक गाठला. आता सराव दुपारी, ऊन रस्त्यावर आल्यानंतर आणि आधी मोकळ्या, सपाट जागेत होतो. सावलीतले वळण दिसले की ती लांबूनच वेग कमी करते. शेजारी बसलेले पती ओरडत नाहीत, नुसते विचारतात, ‘‘इथे बर्फ असेल का गं?’’

चूक झाली म्हणून किल्ली काढून घेणे सोपे असते. चूक का झाली हे समजून घेतले, तरच पुढचे वळण सुखरूप पार पडते.