अल्पभार कामातील लॅपटॉपच्या पंख्याची अतिसक्रियता : कारणमीमांसा आणि उपाययोजना

सारांश : लेखन, वाचन, ई-मेल पाहणे यांसारखी हलकी कामे चालू असतानाही लॅपटॉपचा पंखा वेगाने फिरू लागतो व त्याच्या आवाजाचा उपद्रव होतो, असा अनुभव महाविद्यालयांतून सर्रास येतो. या आवाजावरून यंत्राविषयी घाईने निष्कर्ष काढला जातो. प्रोसेसरवरील भार, त्याचे तापमान आणि पंख्याचा वेग या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय दोषाचे निदान करता येत नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. पुनावळे परिसरातील हवामान व धुळीचा संदर्भ घेऊन उपायांचा क्रमही सुचविला आहे.

बीजशब्द : लॅपटॉप, शीतकरण, पंखा, प्रोसेसर, धूळ, देखभाल

१. प्रस्तावना

प्राध्यापकांच्या दैनंदिन कामात लॅपटॉप ही अपरिहार्य बाब झालेली आहे. प्रश्नपत्रिका तयार करणे, अंतर्गत गुणांच्या नोंदी, नॅकसाठीची कागदपत्रे, ऑनलाइन व्याख्याने ही सर्व कामे त्यावरच होतात. यांपैकी बहुतेक कामे यंत्राच्या दृष्टीने हलकी समजली जातात. तरीही मध्येच पंखा घोंघावू लागतो. शांत अध्यापक कक्षात हा आवाज खटकतो. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करताना तर तो थेट मुद्रित होतो, कारण लॅपटॉपचा मायक्रोफोन पंख्यापासून अवघ्या काही सेंटिमीटर अंतरावर असतो.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. काही ठिकाणी यंत्र 'खराब' ठरवून त्याची रवानगी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये होते. काही ठिकाणी 'त्याला सवयच आहे' असे म्हणून दुर्लक्ष केले जाते आणि परीक्षेच्या ऐन धामधुमीत यंत्र तापून बंद पडते. पहिल्या प्रतिक्रियेत संस्थेचा पैसा व चांगले यंत्र वाया जाते, दुसरीत काम अडते. दोन्हींचे मूळ एकच आहे : केवळ आवाजावरून केलेले निदान.

२. उष्णता व शीतकरण यांचे तत्त्व

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. त्यातील स्विचिंगसाठी खर्च होणारी शक्ती ही वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर विद्युतदाबही वाढवावा लागतो. उदाहरणार्थ, वारंवारता १.६ वरून ३.२ गिगाहर्ट्झ झाली आणि त्यासाठी विद्युतदाब ०.८ वरून १.१ व्होल्ट करावा लागला, तर वेग दुप्पट होतो, परंतु ही शक्ती सुमारे ३.८ पट होते. पंख्याच्या प्रश्नाचे बीज या विषम प्रमाणात आहे.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास विद्युतदाबही त्या प्रमाणात घटविता येतो आणि प्रति क्षेत्रफळ उष्णता वाढत नाही. सुमारे तीन दशके या तत्त्वाने संगणक उद्योगाला साथ दिली. २००५ च्या सुमारास मात्र ही सोय संपुष्टात आली. त्यानंतर प्रोसेसर सतत उच्च वेगाने चालविण्याऐवजी गरजेपुरता क्षणिक वेग देण्याचे धोरण रूढ झाले. इंटेलने २००८ मध्ये आणलेले टर्बो बूस्ट हे याच धोरणाचे प्रसिद्ध उदाहरण होय.

निर्माण झालेली उष्णता बाहेर नेण्यासाठी लॅपटॉपमध्ये एक साखळी असते. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, तिला जोडलेली हीट पाइप, तिच्या टोकाशी धातूच्या पातळ पात्यांची जाळी आणि त्या जाळीतून हवा ढकलणारा पंखा, असा तिचा क्रम आहे. हीट पाइपमधील थोडासा द्रव उष्ण टोकाला बाष्प होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि केशाकर्षणाने परत येतो. ही साखळी कोणत्याही एका कडीत कमकुवत झाली, तरी तिची भरपाई पंख्यालाच करावी लागते.

हवा हे उष्णता वाहून नेण्याचे फार दुबळे माध्यम आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जितकी उष्णता सामावून घेते, तितक्यासाठी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणूनच पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात द्रवाधारित शीतकरणाचा अवलंब करण्यात आला. लॅपटॉपला ही सोय नाही. पंधरा वॅट उष्णता काढताना हवेचे तापमान वीस अंशांनी वाढू द्यायचे म्हटले, तरी दर मिनिटाला सुमारे ३७ लिटर हवा त्या अरुंद जाळीतून जावी लागते. वेगाच्या झटक्यात हीच उष्णता ४० वॅट झाली, तर हे प्रमाण मिनिटाला सुमारे १०० लिटरवर जाते.

३. काम हलके, भार जड

'हलके काम' ही वापरणाऱ्याची संकल्पना आहे. प्रोसेसरला ती ठाऊक नसते. पडद्यावर केवळ एक लेख उघडा असला, तरी त्यामागे पुढील प्रक्रिया चालू असू शकतात.

पहिली बाब म्हणजे पार्श्वभूमीतील कामे. विंडोजचे अद्ययावतीकरण, अँटिव्हायरसची तपासणी, शोधासाठी होणारी फाइलींची सूची, क्लाउडशी होणारी फाइलींची जुळवणी ही कामे बहुधा यंत्र मोकळे दिसताच सुरू होतात. नवीन लॅपटॉप किंवा नव्याने बसविलेली प्रणाली पहिले काही तास अकारण तापते असे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी बाब ब्राउझरची. उघड्या ठेवलेल्या अनेक टॅबमध्ये हलत्या जाहिराती, आपोआप चालणारी चित्रफीत, सतत ताजे होणारे पान यांचा भार साचत जातो. चित्रफितीच्या संदर्भात एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे. ठरावीक पद्धतीने संकुचित केलेली चित्रफीत उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र यंत्रणा असेल, तर फार कमी ऊर्जा लागते; ती नसल्यास हे काम प्रोसेसरला करावे लागते. एव्ही-वन या पद्धतीसाठीची अशी यंत्रणा लॅपटॉपमध्ये २०२० च्या सुमारास येऊ लागली. त्यापूर्वीच्या यंत्रावर साधे व्याख्यान पाहतानाही पंखा फिरण्याचे हे एक संभाव्य कारण आहे. ऑनलाइन बैठकीत पाठीमागचे दृश्य धूसर करण्याची सोयही अशीच भार वाढविते.

तिसरी बाब क्षणिक वेगाची. एखादे पान उघडताना प्रोसेसर क्षणभर सर्वोच्च वेग गाठतो, चिपचे तापमान अत्यल्प काळात उसळते आणि पंख्याचे नियंत्रण करणारी यंत्रणा त्यास प्रतिसाद देते. कोणत्या तापमानाला किती वेग, याचे कोष्टक उत्पादकाने आधीच ठरवून दिलेले असते. ते उतावीळ असेल, तर पंखा वारंवार चढतो व उतरतो. संथ, एकसारख्या आवाजापेक्षा असा चढउतार कानाला अधिक जाचतो.

४. परिसराचा प्रभाव : पुनावळे

एकच यंत्र दोन ठिकाणी निराळे का वागते, याचे उत्तर परिसरात आहे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेले पुनावळे हे मुंबई-बंगळूरु महामार्गालगतचे गाव गेल्या दोन दशकांत गृहसंकुलांनी वेढले गेले. बांधकामे, खोदलेले रस्ते आणि महामार्गावरील अवजड वाहतूक यांमुळे येथील हवेत धूळ असते. ही धूळ पंख्यावाटे आत ओढली जाते, कापडाच्या तंतूंबरोबर पात्यांच्या जाळीच्या आतील तोंडाशी साचते आणि तिचा नमद्यासारखा थर होतो. बाहेरून यंत्र स्वच्छ दिसते. हा थर तळाचे झाकण उघडल्यावरच नजरेस पडतो.

दुसरा घटक तापमानाचा. उष्णतेचे वहन चिप व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. चिपचे तापमान ९० अंशांवर राखायचे असेल, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ६५ अंशांचा असतो. एप्रिल-मे महिन्यांतील ३८ अंशांच्या दुपारी तो ५२ अंशांवर येतो. म्हणजेच पंख्याच्या त्याच वेगाला सुमारे २० टक्के कमी उष्णता बाहेर पडते. याशिवाय पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईपेक्षा जवळपास पाच टक्क्यांनी विरळ आहे. हा परिणाम अल्प असला, तरी त्याची दिशा तीच आहे.

५. निदान : तीन राशींचे एकत्र वाचन

भार, तापमान व पंख्याचा वेग यांचे एकत्र निरीक्षण हा निदानाचा गाभा होय. यंत्र सुरू करून दहा मिनिटे कोणतेही काम न करता ठेवावे व नंतर या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो व प्रोसेसरवरील भार दिसतो. त्यात प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखी निःशुल्क आज्ञावली वापरता येते. लिनक्समध्ये 'टॉप' व 'सेन्सर्स' या आज्ञा हेच काम करतात. पंख्याच्या वेगाचा आकडा उपलब्ध नसल्यास कानांनी केलेला अंदाजही पुरेसा ठरतो.

पंखा वेगात असताना पुढील तीन स्थिती संभवतात :

(अ) भार अधिक, तापमान अधिक : दोष यंत्राच्या शीतकरणात नसून चालू असलेल्या आज्ञावलींत आहे.

(आ) भार अल्प, तापमान अधिक : उष्णता बाहेर पडत नाही. धूळ, अडलेली हवा, सुकलेली थर्मल पेस्ट किंवा सैल बसलेली तांब्याची पट्टी, यांचा शोध घ्यावा.

(इ) भार अल्प, तापमानही कमी : पंख्याचे नियंत्रण तपासावे. विद्युतपुरवठा जोडलेला असताना पंखा सतत चालू ठेवण्याचा पर्याय काही यंत्रांच्या बायोसमध्ये असतो. क्वचित बायोसच्या जुन्या आवृत्तीतील दोषही कारणीभूत असतो.

आवाजाचा प्रकारही लक्षात घ्यावा. सुसाट वाऱ्यासारखा आवाज हा हवेचा असतो. खरखर किंवा टकटक ऐकू आल्यास पंख्याचे बेअरिंग झिजले आहे असे समजावे. तेथे कोणत्याही सेटिंगचा उपयोग नाही, पंखाच बदलावा लागतो.

६. उपाययोजना

उपाय नेहमी बिनखर्चाच्या पायरीपासून सुरू करावेत.

१) टास्क मॅनेजरमध्ये सर्वाधिक भार टाकणारी आज्ञावली शोधावी. ती अद्ययावतीकरण वा सूची तयार करणारी असेल, तर मध्येच बंद न करता, यंत्र चार्जरला जोडून ते काम पूर्ण होऊ द्यावे. अनावश्यक टॅब व आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावली बंद कराव्यात.

२) विद्युत वापराच्या पर्यायांत 'सर्वोच्च कार्यक्षमता' ऐवजी 'संतुलित' हा पर्याय निवडावा. विंडोजमधील प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केल्यास अनेक यंत्रांत क्षणिक वेगाचा झटका बंद होतो. लेखन-वाचनात याने फारसा फरक जाणवत नाही. मात्र सांख्यिकीय विश्लेषणासारख्या जड कामाच्या वेळी ही मर्यादा पुन्हा वाढवावी. काही नव्या यंत्रांत हा पर्याय दिसत नाही. तेथे उत्पादकाच्या आज्ञावलीतील शांत पर्याय वापरावा.

३) लॅपटॉप गादीवर वा मांडीवरील उशीवर ठेवू नये. हवा आत घेणारी छिद्रे बहुधा तळाशी असतात. मागील बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली, तरी हवेला वाट मिळते.

४) वरील उपायांनंतरही स्थिती (आ) राहिल्यास धूळ काढावी. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, दाबाखालील हवेचे छोटे झोत द्यावेत. त्या वेळी पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, अन्यथा पंखा मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग बिघडू शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विद्युतभारामुळे टाळावा. झाकण उघडणे व पेस्ट बदलणे ही कामे जाणकाराकडून, वॉरंटीच्या अटी पाहून करून घ्यावीत. तळाचे झाकण फुगलेले आढळल्यास बॅटरी फुगल्याची शक्यता असते. असे यंत्र त्वरित बंद करावे.

पंख्याचा वेग थोडा जरी कमी झाला, तरी लाभ मोठा असतो. पंख्याच्या नियमांनुसार हवेचा प्रवाह वेगाच्या समप्रमाणात घटतो. आवाज मात्र त्याहून झपाट्याने उतरतो. वेग मिनिटाला ५,००० फेऱ्यांवरून ४,००० वर आला, तर प्रवाह २० टक्क्यांनी कमी होतो आणि आवाज सुमारे ५ डेसिबलने घटतो. वेग निम्मा झाल्यास ही घट सुमारे १५ डेसिबल असते. म्हणून थोडीशी उष्णता वाचविणे हाच शांततेचा खात्रीचा मार्ग होय. याउलट, आज्ञावलीद्वारे पंखा सक्तीने बंद करणे धोक्याचे आहे. सुमारे १०० अंशांच्या मर्यादेला प्रोसेसर स्वतःचा वेग घटवून बचाव करतो हे खरे. परंतु शेजारची बॅटरी व अन्य घटक ती उष्णता सोशीत राहतात आणि त्यांचे आयुष्य घटते.

७. समारोप

विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक महाविद्यालयांत जुन्या यंत्रांच्या निर्लेखनाचा विचार सुरू होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी 'पंखा फार आवाज करतो' हा शेरा पुरेसा मानला जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार टाकाऊ यंत्रांची विल्हेवाट ही जबाबदारीची बाब आहे. त्याआधी ते यंत्र खरोखर टाकाऊ आहे काय, हे पाहणे अधिक जबाबदारीचे आहे.

यासाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक विभागाने यंत्राच्या नोंदीत मोकळ्या स्थितीतील भार व तापमान हे दोन आकडे वर्षातून दोनदा लिहावेत. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. तसेच पुनावळ्यासारख्या बांधकामबहुल परिसरात वार्षिक देखभालीच्या करारात धूळ काढण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख असावा. निर्लेखन समितीसमोर हे आकडे ठेवले गेले, तर कोणते यंत्र केवळ साफसफाईची वाट पाहत आहे आणि कोणते खरोखर थकले आहे, याचा निर्णय पुराव्याच्या आधारे घेता येईल.