ताटातला धर्म : लेखांक ७
खवले असतील तरच

खर्ड्याच्या किल्ल्यापासून सरळ पश्चिमेला रेघ ओढली, तर ती अलिबागच्या आसपास समुद्राला भिडते. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात. मध्ये भीमेचं खोरं आणि अख्खा सह्याद्री. त्यामुळे आपल्या जामखेड भागात मासळी म्हणजे तलावा-धरणातली: रोहू, कटला, मृगळ, चिलापी, नशीब असेल त्या दिवशी मरळ. गेल्या आठवड्यात आपण रवंथ करणाऱ्या आणि दुभंगलेल्या खुराच्या जनावरांचा नियम पाहिला. आज पाण्यातल्या जिवांकडे वळू. हा नियम समजून घ्यायला समुद्राकाठी जायची गरज नाही. आठवडे बाजारातली मासळीची पाटी पुरेशी आहे.

बायबलच्या जुन्या करारात ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात आणि ‘अनुवाद’च्या 14व्या अध्यायात ज्यूंसाठी हा नियम सांगितला आहे. पाण्यात राहणाऱ्या ज्या जिवाला पोहायचे पर आणि अंगावर खवले, अशी दोन्ही लक्षणं आहेत, तोच खायचा. बाकी सगळे वर्ज्य. जनावरांच्या बाबतीत उंट, ससा, डुक्कर अशी नावं घेतली आहेत. माशांच्या बाबतीत मात्र एकही नाव नाही, फक्त लक्षणं आहेत. म्हणूनच हा नियम जगातल्या कुठल्याही पाण्याला लावता येतो, अगदी आपल्या तलावालाही.

खवला कशाला म्हणायचं, याचीही परीक्षा ठरलेली आहे. बाजारात रोहू साफ होत असताना बघा. मासळीवाली सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे ओढते आणि नखाएवढे गोल, पारदर्शक खवले फटाफट उडतात. एखादा उचलून उन्हात धरला तर त्यावर वर्तुळामागून वर्तुळं दिसतात. खवला निघाला तरी खालची कातडी शाबूत असते, फाटत नाही. ज्यू धर्मशास्त्राला नेमकं हेच हवं असतं. तेराव्या शतकात नाखमनीदेस या पंडिताने हे स्पष्ट केलं: हाताने किंवा सुरीने काढता येतो तो खवला, कातडीला जखडलेला असतो तो नव्हे. मोरीचं अंग कानसेसारखं खरखरीत लागतं, पण ते कण कातडी सोलल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून मोरी बाद. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ पास. मांगूर आणि शिवडा यांचं अंग गुळगुळीत, मिशा लांब, खवल्याचा पत्ता नाही, म्हणून नापास. झिंगे आणि खेकडे तर माशांतच मोडत नाहीत, तेव्हा त्यांचा प्रश्नच मिटला. समुद्राकडे गेलं तर पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतात. कोळंबी, तिसऱ्या, शेवंड, माकुळ, पाकट, शिंगाळा, वाम चालत नाहीत.

मिश्ना या प्राचीन ज्यू संहितेत एक उपयोगी निरीक्षण आहे: ज्याला खवले आहेत त्याला पर असतातच, पण ज्याला पर आहेत त्याला खवले असतीलच असं नाही. म्हणजे व्यवहारात एकट्या खवल्यावर निर्णय होतो. आजही धार्मिक ज्यू गिऱ्हाईक माशाचा तुकडा विकत घेताना त्यावर खवल्यांसकट थोडी कातडी राखलेली आहे ना, हे बघतं. कातडी पूर्ण सोललेल्या तुकड्याची खात्री देणार कोण? माशाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. कोंबडी-बकऱ्याला धर्मशास्त्राप्रमाणे कापणारा जाणकार लागतो, रक्त काढून टाकावं लागतं. माशाला यातलं काही लागत नाही.

नियम असा का, याचं कारण मूळ ग्रंथात आरोग्याचं दिलेलं नाही. पवित्र राहा, एवढंच सांगितलं आहे. नाखमनीदेस म्हणत की खवल्यांचे मासे वरच्या स्वच्छ पाण्यात राहतात आणि बिनखवल्यांचे तळाच्या गढूळ पाण्यात, म्हणून ते प्रकृतीला बाधतात. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1966 साली वेगळा विचार मांडला: पाण्यातल्या जिवाने पोहावं, ही जगाची मांडणी, पाण्यात राहून जो चालतो किंवा सरपटतो तो त्या मांडणीत बसत नाही, म्हणून अशुद्ध. मला दुसरा विचार जास्त पटतो, पण तोही पुरेसा वाटत नाही. नियम जन्माला का आला, यापेक्षा तो टिकून राहिल्यावर माणसांचं काय करतो, हे मला अधिक मोलाचं वाटतं. आणि त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात जोडपी वाचली. गावोगाव पांगून त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी झाली, आडनावं गावांवरून पडली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. हिब्रू विसरली, ग्रंथ हरवले. उरलं ते थोडंच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, ‘शेमा’ची प्रार्थना आणि ताटातला मासा.

त्यांच्या इतिहासात डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्याची गोष्ट येते. परंपरा त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानते. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातला, कोचीनच्या राहाबी घराण्यातला. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने घरातल्या बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवल्यांची मासळी घेतली आणि बिनखवल्यांची बाजूला सारली. ही आमच्यात खात नाहीत, म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवले.

ही गोष्ट अक्षरशः घडली की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व कमी. आजूबाजूला कोळंबी आणि तिसऱ्यांची रेलचेल असलेल्या किनाऱ्यावर, पुस्तकाचा आधार नसताना, ‘आमच्यात खात नाहीत’ एवढ्या वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या नियम पाळला गेला. त्याची राखण सासूने सुनेला दिलेल्या शिकवणीने केली. धर्माच्या इतिहासात अशा बायकांची नावं लागत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1795च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. पुढच्याच वर्षी, 1796 मध्ये, सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. इस्राएल राष्ट्र झाल्यावर यातले बहुतेक लोक तिकडे गेले, आणि तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी लग्न-घटस्फोटाच्या कायद्यावरून त्यांच्या ज्यूपणाची चौकशी आरंभली. राहाबीला जे एका मासळीवरून पटलं, त्यासाठी या लोकांना वर्षानुवर्षं आंदोलन करावं लागलं. 1964 साली ते सर्वार्थाने ज्यू आहेत, हे मान्य झालं.

एकोणिसाव्या शतकात या समाजाला जुना करार पुन्हा भेटला तो बराचसा ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि मराठी छापील पुस्तकांतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणही काढलं. कोकणात या मुलांसाठी शाळा घालणाऱ्यांत अमेरिकन मराठी मिशन होतं, आणि याच मिशनने 1831 मध्ये आपल्या नगरला ठाणं मांडलं. कोकणात त्यांच्या शाळांमुळे ज्यूंना आपला नियम छापील स्वरूपात वाचायला मिळाला. नगरच्या ख्रिस्ती मंडळींना मात्र तो नियम मागे पडल्याची कथा मिळाली.

ती कथा ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 10व्या अध्यायात आहे. यापो गावात दुपारी, भुकेल्या पोटी, पेत्राला दृष्टांत होतो. आकाशातून चादरीसारखं काही उतरतं, त्यात सगळ्या जातींचे जीव असतात, आणि मारून खा अशी आज्ञा होते. पेत्र नकार देतो. देवाने जे शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, असं त्याला तीनदा बजावलं जातं. पाठोपाठ कर्नेल्य या रोमन अधिकाऱ्याची माणसं दारात येतात, आणि पेत्राला उलगडतं की प्रश्न माणसांचा आहे: परक्याच्या घरात पाऊल टाकायचं की नाही.

नगर जिल्ह्यात ही कथा किती खोल रुजली असेल! 1839 मध्ये इथे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मणांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे मंडळीत आले ते मुख्यतः महार-मांग समाजांतले लोक. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्याबरोबर एका भाकरीचा प्रसाद घ्यायचा होता. कोळंबी चालते की नाही हा मुद्दा तिथे नव्हताच. शेजारी कोण बसतं, हा होता.

तरी ख्रिस्ती ताटात नियम उरले नाहीत असं नाही. कॅथलिकांमध्ये राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, पण मासा चालतो. पूर्वी वर्षभर प्रत्येक शुक्रवारी हे पाळावं लागे. 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी बिशपांना त्यात फेरबदलाची मुभा दिली. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी ईस्टरआधीच्या उपवासात नेमकी ज्यूंच्या उलट वागतात: कण्याचा मासा बहुतेक दिवस बंद, कोळंबी आणि माकुळ मात्र चालतात. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ शनिवार पाळतो आणि ‘लेवीय’ची यादीही मानतो, शिंपले-खेकडे त्यांना वर्ज्य. त्यांचं विद्यापीठ पुण्यात औंधला आहे.

बेने इस्राएलांच्या घरी मासळीच्या कालवणाला नारळाचा रस लागतोच, कोकणातल्या कुठल्याही घरासारखा. पण त्यांच्याकडे मटणाच्या रश्श्यालाही आणि जेवणानंतरच्या गोडालाही पुष्कळदा तोच वापरतात. याचं कारण मांस आणि दूध एकत्र न करण्याच्या नियमात आहे. तो पुढच्या लेखांकात.