‘आराम’ या शब्दाचे दोन अर्थ

आजाऱ्याला आपण ‘आराम करा’ म्हणतो आणि दोन दिवसांनी ‘आराम पडला का?’ असे विचारतो. फारसीतून आलेल्या या एकाच शब्दात विश्रांती आणि बरे वाटणे हे दोन्ही अर्थ नांदतात. त्यामुळे पडून राहिले की बरे वाटते, हे आपण न तपासता गृहीत धरतो. मी साहित्य शिकवतो, वैद्यक नव्हे. पण विद्यार्थ्यांकडून आरोग्यपुस्तिकांची भाषांतरे करून घेताना हा शब्द मला वारंवार अडतो. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर तो दिशाभूल करू शकतो.

दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. केमोथेरपीतला दाह मात्र बहुधा डोळ्यांना दिसत नाही. औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी पेशींनाही इजा करतात. मग रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-6 सारखे सायटोकाइन रक्तात सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि तापात यावी तशी मरगळ येते. हा थकवा झोपेने पुरता जात नाही. उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि जिना चढणेही जड जाते.

गंमत अशी की व्यायाम करताना स्नायूही इंटरल्यूकिन-6 सोडतात. पण ते थोड्या वेळापुरते असते आणि त्यामागून दाह शमवणारी द्रव्ये वाढतात. शब्दाप्रमाणे रेणूचा अर्थही संदर्भाने ठरतो.

स्वीडनमधील ‘ऑप्टिट्रेन’ या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या 240 स्त्रिया होत्या. व्यायामाच्या गटांनी 16 आठवडे, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली व्यायाम केला. दाहाच्या खुणा सर्वच गटांत वाढल्या. मात्र वजने उचलण्याबरोबर थोडा वेळ जोमाचा व्यायाम करणाऱ्या गटात इंटरल्यूकिन-6 ची वाढ नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होती, आणि थकवा कमी राहण्याचे काही श्रेय या फरकाला देता आले. म्हणजे व्यायामाने दाह नाहीसा होत नाही, त्याला थोडा आवर बसतो. रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असताना व्यायामाची शिफारस करावी, असे ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’नेही 2022 मध्ये डॉक्टरांना सांगितले आहे.

अर्थात हे सरसकट लागू नाही. ताप, चक्कर, रक्तातील बिंबिका किंवा हिमोग्लोबिन फार कमी असणे, हाडांत पसरलेला रोग, पायांतील बधिरपणा यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये.

म्हणून आपल्यापैकी जे अशा पुस्तिका लिहितात किंवा घरातल्या रुग्णाला वाचून दाखवतात, त्यांना एक सुचवतो. नुसते ‘आराम करा’ लिहू नये. ‘डॉक्टरांना विचारून झेपेल तेवढे चाला, दमलात की बसा, उद्या पुन्हा चाला’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण रुग्णाने काय करायचे ते त्यातून नेमके कळते.