निकेलला काजळी धरते तेव्हा

अमोनियाच्या कारखान्यात रिफॉर्मरच्या भट्टीला छोटी झरोक्यासारखी दारं असतात. गडद काचेतून ऑपरेटर आत डोकावतो. उभ्या नळ्यांच्या रांगा एकसारख्या लाल दिसल्या की ठीक. एखादीवर उजळ पट्टे, चट्टे दिसले की कपाळाला आठी. या खुणांना तिथली मंडळी 'टायगर टेलिंग', 'जिराफ नेकिंग' म्हणतात. नावं गमतीची असली तरी दुखणं नळी फुटेपर्यंत जाऊ शकतं.

नळ्यांमध्ये निकेल पोटात घेतलेल्या सिरॅमिकच्या गोळ्या भरलेल्या असतात. ८०० अंशांच्या आसपास मिथेन आणि वाफ त्यांवरून जातात आणि अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन मिळतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातला अमोनियाही याच वाटेने येतो. निकेल मिथेनचे हायड्रोजन एकेक करून सोडवतो आणि मागे उघडा कार्बन उरतो. वाफेतल्या ऑक्सिजनने तो वेळेत उचलला नाही, तर त्याचाच कोक होतो.

हा कोक दिव्याच्या काचेवरच्या काजळीसारखा नुसता वर बसत नाही. कार्बन निकेलच्या कणात चक्क विरघळतो, आतून पलीकडे सरकतो आणि तिथून धाग्यासारखा बाहेर पडतो. वाढता धागा निकेलच्या कणाला मुळापासून उपटून आपल्या शेंड्यावर घेतो. तिथेही कण काम करतच राहतो, म्हणून दुखणं लवकर कळत नाही. धागे मात्र गोळी आतून फोडतात. चुऱ्याने वाट तुंबते, उष्णता शोषणारी अभिक्रिया मंदावते आणि तेवढीच नळी जास्त तापते.

रूढ उपाय म्हणजे जादा वाफ, मिथेनच्या एका रेणूमागे साधारण तीन. पण वाफेला इंधन लागतं. मग हायड्रोजनकडूनच साफसफाई करून घेता येईल का?

१९६४ साली खूबियार यांनी पिवळ्या टंगस्टन ऑक्साइडमध्ये प्लॅटिनम असलेली अ‍ॅल्युमिना मिसळली आणि हायड्रोजन सोडला. साध्या तापमानालाच पिवळी पूड निळी झाली. प्लॅटिनमवर रेणू फुटून सुटे अणू शेजाऱ्याकडे ओसंडले होते. हाच 'स्पिलओव्हर'. निकेलवरही तो होतो, म्हणजे असे सुटे अणू कार्बनपर्यंत पोचले तर साफसफाईची आशा आहे. पण अणू किती दूर जातील हे खालचा आधार ठरवतो. २०१७ साली प्लॅटिनमवरच्या प्रयोगांत दिसलं, की टायटॅनियम ऑक्साइडवर ते सहज दूरवर पोचतात, अ‍ॅल्युमिनावर मात्र १५ नॅनोमीटरच्या आसपास दमतात. रिफॉर्मरच्या गोळ्यांत बहुधा अ‍ॅल्युमिनाच किंवा तिच्या जातीचे ऑक्साइड असतात, त्यामुळे मला या वाटेवर फार भिस्त ठेववत नाही. सिरियम ऑक्साइड अधिक भरवशाचं वाटतं: ते पदरचा ऑक्सिजन देऊन कार्बन जाळतं आणि वाफेकडून पुन्हा भरून घेतं.

कोक धरलाच, तर वायू बंद करून नुसती वाफ सोडतात. कार्बन जातो, निकेलचं मात्र ऑक्साइड होतं. ते हायड्रोजनने पुन्हा शुद्धीवर आणावं लागतं. फुटलेल्या गोळ्या तेवढ्या उपसून टाकाव्या लागतात.