धंद्याची दिशा ठरते गप्पांमध्ये!

स्ट्रॅटेजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रोजेक्टर आणि जाडजूड फाईल येते. पण धंद्याची दिशा बऱ्याचदा साध्या बोलण्यातच ठरते. इंटेलचं उदाहरण घ्या.

१९६८ साली इंटेल सुरू झाली ती मेमरी चिप बनवायला. १९८० नंतर जपानी कंपन्यांनी या बाजारात जोरदार मुसंडी मारली आणि इंटेलला तोटा होऊ लागला. साहेबांच्या मीटिंगवर मीटिंग चालू, पण निर्णय काही होईना. १९८५ मध्ये अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर ऑफिसात बोलत बसले होते. ग्रोव्हनी सहज विचारलं, आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये? तिथून चक्रं फिरली.

खरी गंमत पुढेच आहे. ग्रोव्हनी नंतर लिहिलंय की मधल्या फळीतल्या मॅनेजरांनी हे काम आधीच सुरू केलं होतं. उत्पादन आणि फायनान्सची माणसं दर महिन्याला बसायची आणि कारखान्याची क्षमता जास्त नफ्याच्या चिपला द्यायची. त्यामुळे साहेबांना पटायच्या आत कंपनी मायक्रोप्रोसेसरकडे झुकली होती!

आता आपल्या दुकानाकडे या. आपली 'क्षमता' म्हणजे रॅक, भांडवल आणि वेळ. ती कुठे जाते, तीच तुमची खरी स्ट्रॅटेजी. डायरीत काहीही लिहिलेलं असो. म्हणून तीन गोष्टी करा.

१. आठवड्यातून एकदा, शटर उघडायच्या आधी १५ मिनिटं बसा. विषय एकच: या आठवड्यात पैसा आणि रॅक कुठल्या मालाला?

२. रोज काय विचारता ते तपासा. फक्त "विक्री किती झाली?" विचारलंत, तर पोरं उधारीवर माल देऊनही आकडा दाखवतील. "वसुली किती? जुनं गिऱ्हाईक परत आलं का?" हेही विचारा.

३. चहा पिताना कुणी म्हणालं, "दादा, हा माल हलत नाही," तर लगेच लिहून ठेवा आणि मीटिंगमध्ये काढा. निर्णय झाला की सगळ्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर एक जण तोच माल मागवत राहतो, दुसरा तो कोपऱ्यात ढकलतो, आणि भांडवल तुमचं अडकतं.

काउंटरवरच्या माणसाला बाजार आपल्याआधी कळतो. त्याला बोलू द्या!